सोळाच्या जागी बत्तीस

"...मग तुम्हीच सांगा उस्ताद, खटका खराब की माझा हात?"

विचारणारा भागवत वायरमन. आयटीआय पास, सर्टिफिकेट फ्रेम करून दारात टांगलेलं. खिशात तीन टेस्टर, पैकी चालतो एक.

ज्यांना विचारलं ते उस्ताद कासमचाचा. वय पंच्याहत्तर, दात चार. बार्शीतल्या निम्म्या घरांत उजेड यांनी आणला. उरलेल्या निम्म्यांत शॉक.

घर शकुंतलाकाकूंचं. काकू भाजणी दळून विकतात. आठ दिवसांपूर्वी भागवतनं त्यांची जुनी फ्यूजची पाटी उतरवली आणि नवी एमसीबीची पेटी बसवली. पांढरीशुभ्र, आत ओळीनं खटके; भार वाढला की आपोआप खाली पडणारे. उस्तादाशिवाय केलेलं त्याचं पहिलं काम. काकूंनी पेटीला हळदकुंकू वाहिलं.

तेव्हापासून गीझर चालू असताना घरघंटी लावली, की दहा मिनिटांत खटका खाली.

"जुनी पाटी बावीस वर्षांत एकदाही गेली नाही," काकू म्हणाल्या. "आणि हे बाळ सारखं मान टाकतंय! दिवाळी तोंडावर आलीय. आता पुन्हा पडलं ना भागवत, तर पेटी तुझ्या गळ्यात बांधून गल्लीतनं मिरवीन तुला."

भागवतनं पिशवीतून एक नवा खटका काढला.

"काकू, काळजीच सोडा. हा सोळा अँपिअरचा काढतो, बत्तीसचा बसवतो. मग पडणार नाही."

"पडणार नाही?" चाचांनी विचारलं.

"जन्मात नाही."

चाचांनी नव्या पेटीवरून बोट फिरवलं.

"जुनी पाटी कुठंय?"

"माळ्यावर."

"आण."

भागवतनं आणली. आणताना दोन वेळा शिंकला. चाचांनी चिनी मातीचा एक फ्यूज उपसला, फुंकर मारली आणि त्याच्या हातावर ठेवला.

फ्यूजला केसाएवढी बारीक तार असते. भार जास्त झाला की ती वितळते, वीज बंद होते, घर वाचतं. या फ्यूजमध्ये तांब्याची चांगली जाडजूड तार होती, तीन पदर पिळून घातलेली. बैल बांधला असता तरी तुटली नसती.

भागवत खो खो हसला. "बघा उस्ताद! म्हणून बावीस वर्षं गेली नाही. कुठल्या गाढवानं घातली असेल ही?"

चाचा शांतपणे काकूंकडे वळले.

"वहिनी, गाढवाला चहा मिळेल का?"

भागवतचं हसू अर्ध्यावर राहिलं. तोंड मात्र उघडंच होतं.

चाचांनी मेन स्विच खाली ओढला. स्टुलावर चढले. भागवतनं धरायला हात पुढे केला, तो त्यांनी झटकला, आणि लगेच स्टूल डुगडुगल्यावर स्वतःच पकडला. भिंतीवरच्या लाकडी पट्टीचं झाकण पेचकसानं उचकटलं.

आतली वायर उघडी पडली. वरचं रबर करपून काळं झालेलं. चाचांनी बोट लावलं, तर पापडासारखं मोडून खाली पडलं. लाकूडही आतून हातभर काळं.

पट्टीच्या खाली काकूंची खाट.



"हे कधी झालं?" भागवतनं हळूच विचारलं.

"रोज थोडं थोडं."

काकूंनी खाटेकडे पाहिलं, मग कॅलेंडरकडे.

"मग आता?"

"नवी वायर ओढावी लागेल काकू," भागवत म्हणाला. "तोवर ही लाइन बंद. घरघंटीपण."

"बंद? चाळीस किलो भाजणी बोलून बसलेय मी! बायका दारात येऊन उभ्या राहतील!" काकूंचा आवाज चढला. "बावीस वर्षं काही झालं नाही, अजून आठ दिवसांत काय होतंय? बसव तो बत्तीसचा. दिवाळी झाली की बघू."

"पण काकू..."

"पण नाही न बिण नाही. चाचा होते तेव्हा असली नाटकं नव्हती. त्यांनी काम केलं आणि कटकट मिटली. मी त्यांना नारळ दिला होता, शाल दिली होती! विचार त्यांना."

"दिली होती," चाचा म्हणाले. "शाल अजून वापरतो."

काकू चहाला आत गेल्या. पातेलं आपटल्याचा आवाज आला.

भागवत बत्तीसचा खटका हातात घेऊन उभा. दोन स्क्रूचं काम. पाच मिनिटांत काकू खूश, गल्लीत नाव.

"उस्ताद..." तो म्हणाला. "हा बसवला नाही, तर या पेठेत मला पुन्हा कुणी बोलावणार नाही."

चाचा स्टुलावरून उतरले. हाताची काजळी पायजम्याला पुसली.

"काय करू?" भागवतनं विचारलं.

चाचांनी त्या करपलेल्या पट्टीकडे पाहिलं.

"मी नारळ घेतला," ते म्हणाले. "तू शिव्या घे."