गुलाबी आलं

"ते सगळं राहू द्या बुवा, रविवारी गाऊ की नको? एकदाचं सांगून टाका ना!"

पुंडलीकबुवांनी बशीतली आल्याची गुलाबी चकती उचलली, तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

आता काय म्हणावं या माणसाला! मिहीर कारखानीस मनातल्या मनात चरफडला. कोरेगाव पार्कातलं हे जपानी हॉटेल म्हणजे सगळ्यात मिजासखोर. इथे जागा मिळवायला ओळखी लावाव्या लागतात. त्याने त्या लावल्या, गुरूला गाडीतून आणलं, शेफ समोर सुशी वळून देतो त्या कट्ट्यावर मानाने बसवलं. आणि म्हातारा आलं चघळतोय!

रविवारी मिहीरची पहिली स्वतंत्र मैफल होती. गुरूच्या होकाराशिवाय गायचं नाही, हा त्यांच्याकडचा शिरस्ता. होकार गृहीत धरून या पठ्ठ्याने पत्रिकासुद्धा वाटून टाकल्या होत्या.

काल त्याने बुवांना सगळी तयारी ऐकवली. तानेवर तान, तानेवर तान... ऐकणाऱ्यालाच धाप लागावी. बुवा शेवटी नुसते "हं" म्हणाले. ते "हं" मिहीरच्या घशात काट्यासारखं अडकलं होतं.

शेफने भाताच्या मुटक्यावर माशाची पातळ तुकडी बसवून पुढे सरकवली. मिहीरने ती गट्टम केली.

"हा ट्यूना. आता तो सॅमन येईल. काल द्रुत कशी वाटली, बुवा? आला बघा सॅमन, घ्या, घ्या! आणि ती शेवटची तिहाई?"

बुवांनी आणखी एक चकती उचलली.

"अहो, आलं काय खात बसलात! मासा खा, मासा!"

"खाल्ला की. झकास होता... हे आलं कशाला देतात रे?"

"मागची चव पुसायला. नाहीतर पुढचा मासा कळत नाही, सगळं एकसारखंच लागतं." हे सांगता सांगता मिहीरने सॅमनही तोंडात कोंबला.

"अस्सं..."

बुवांनी तिसरी चकती तोंडात टाकली. शेफ हातातली सुरी धरून थांबला.

मिहीरचं डोकं सणकलं. "बुवा, मी इथे घसा फोडतोय आणि तुम्ही मिठाची गुळणी धरून बसलाय! माझ्यात कमी काय आहे, तेवढं तरी सांगा. आवाज नाही? दमसास नाही? तान फिरत नाही?"

बुवा जरा वाकले. त्यांनी मिहीरच्या बशीत डोकावून पाहिलं.

"तुझं आलं तसंच पडलंय रे."

"आल्याचं काय घेऊन..."

मिहीरची नजर बशीवर गेली. गुलाबी चकत्यांची चळत... बोटही न लागलेली. इतका वेळ खात होता, पण कुठला मासा कसा लागला... एकाचीही चव आठवेना. तो चांगलाच ओशाळला.

त्याने एक चकती उचलली. चावली. गिळली. शेफने नवी तुकडी पुढे केली, तिला त्याने हात लावला नाही.

बऱ्याच वेळाने त्याने हळूच विचारलं, "बुवा... रविवारी...?"

बुवांनी हातातल्या काड्या खाली ठेवल्या.

"आत्ता मधे थांबलास... गा."