राजाची आई दाराबाहेर

नीलनगरीच्या राजाची आई टोपल्या विणायची आणि तिला स्वतःच्याच लेकाला भेटायला बंदी होती.

राज्याला वारस नव्हता, म्हणून हत्तिणीच्या सोंडेत माळ दिली होती. हत्तिणीने ती घातली या बाईच्या लेकाच्या, सोनबाच्या गळ्यात, आणि तो राजा झाला. त्याला पालखीतून नेलं ते नेलंच. त्याची धाकटी बहीण रेवू आईबरोबर रोज वाड्याच्या दाराशी जायची आणि रोज परत यायची.

आज प्रधानजी स्वतः बाहेर आले. "बाई, टोपल्या विणणारी राजमाता आम्हाला शोभत नाही. पुन्हा येऊ नका." आईने लेकासाठी आणलेली करवंदं त्यांनी पायाने दूर सारली.

रेवूच्या अंगाचा तिळपापड झाला. ती धावत शेजारच्या राजबागेत शिरली. तिथे गुलाबाच्या काट्यांत एक इवलीशी परी अडकली होती. मोरपंखी पंख, दवासारखे चमचमते डोळे. रेवूचा राग तसाच होता, तरी तिची बोटं हळुवार झाली. एकेक काटा बाजूला करून तिने परीला सोडवलं.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण जे मागशील ते वाड्यातल्या सगळ्यांना सारखंच होईल."

"वाडा कोसळू दे."

"तुझा दादाही आत आहे गं."

रेवूने दात आवळले. "मग राग सोडू का?"

"नको. राग तुझा आहे, खराही आहे. मागणं तेवढं नीट माग."

रेवूने वाड्याच्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "माझ्या आईची हाक वाड्यात सगळ्यांना ऐकू जाऊ दे. कुणाला कान झाकता येऊ नयेत."

दाराबाहेर आईने हळूच हाक मारली, "सोनबा..."

झुंबरं किणकिणली, सोनेरी पडदे हलले. राजा अनवाणी धावत आला. आईच्या कमरेला मिठी मारून तो प्रधानजींना म्हणाला, "आई गाव सोडून गेली, असं तुम्ही सांगितलं होतं. आता गाव तुम्ही सोडा." प्रधानजी खाली मान घालून निघाले.

राजाने आईला हाताला धरून आत नेलं आणि सिंहासनावर आपल्याशेजारी बसवलं.

"तू स्वतः शोधायला का नाही आलास?" त्यांच्यामागून आत आलेल्या रेवूने विचारलं. राजा नुसता रडू लागला.

खिडकीबाहेर केशरी, गुलाबी उजेड फुलला आणि परी त्यात विरघळून गेली. रेवूने दादाचे डोळे पुसले. राग मात्र अजून थोडा उरला होता.