पाणजाईची मुकी घंटा

आंबेखोलच्या कातळी सड्यावर, धनगरवाड्याच्या पाठीमागे पाणजाई देवीची राई आहे. आत शिरलं की एका फांदीला पितळी घंटा दिसते. पाहुणे हौसेने ती वाजवायला जातात आणि फसतात, कारण तिला लोलकच नाही. घंटा राईच्या ज्या अंगाला टांगलेली असेल त्या अंगाला त्या वर्षी खूर पडत नाही, दुसऱ्या अंगाला म्हशी खुशाल चरतात. असं का, म्हणून राई दाखवणाऱ्या धाकलूबुवा आखाड्यांना विचारलं तर ते मुंडासं काढून मांडीवर ठेवतात आणि म्हणतात, "सांगतो, पर मलाबी पुरतं उमगल्यालं न्हाई." ही टाळाटाळ नव्हे. तसं म्हणणं हीच इथली रीत आहे.

फार मागे, म्हणे, या वाड्यावर कोंडू झोरे नावाचा गवळी धनगर राहत होता. चाळीस म्हशी, आणि सगळ्यांच्या पुढे चालणारी म्हातारी मोरी. मोरीच्या गळ्यातली घंटा ऐकत कळप चाले. वाड्याला पाणी एकच, राईतल्या जांभळीच्या मुळाशी फुटलेला झरा. एका वैशाखात त्या झऱ्याची धार करंगळीएवढी झाली. झरा आटला तर वाडा उठणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

कोंडूने देवीला कौल लावला. पाषाणाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवून त्याने विचारलं, "आई, राई म्हशींना बंद करू का?" उजवी पाकळी पडली. देवी हो म्हणाली. कोंडूने तिथेच दुधाची आण घेतली आणि राईला काटेरी कुंपण घातलं.

दोन वर्षांत रोपं तरारली, झरा फुगला. कोंडू मिशीला पीळ देत हिंडू लागला. पण तिसऱ्या वर्षी राईत गवत कमरेएवढं वाढून वाळलं. ते खायला तोंड नव्हतं, तुडवायला खूर नव्हता, म्हशींच्या जुन्या वाटाही बुजल्या होत्या. चैत्रात खालच्या उतारावरून वणवा आला तो त्या वाळल्या गवतावरून सरळ देवीच्या दारात. जांभळ अर्धी जळाली, झरा पुन्हा करंगळीवर आला.

कोंडू पार गोंधळला. आण मोडली नाही, नेम चुकला नाही, मग देवी कोपली कशाला? त्याने पुन्हा पाकळ्या लावल्या. "आई, म्हशी आत सोडू का?" पुन्हा उजवीच पडली! बंद कर म्हणालीस तू, सोड म्हणतेस तूच. आता कोणतं खरं धरायचं? पण कौल तो कौल. कुंपण उपटलं आणि चाळीसच्या चाळीस म्हशी बारा महिने आत सोडल्या. सालभरात एक रोप उरलं नाही. झऱ्यापाशी चिखलाची डबकी झाली, त्यात म्हशी लोळत. वाडा सोडून जायचं म्हणून बिऱ्हाडं बांधायला सुरुवात झाली.

तिसऱ्यांदा तो पाषाणापुढे बसला तेव्हा त्याला विचारायलाच काही सुचेना. पाकळ्या चिकटवल्या आणि तो एवढंच म्हणाला, "आई, मला कळत न्हाई." दिवसभर बसला, एकही पाकळी पडली नाही. शेवटी त्याला रडू फुटलं.

उठून म्हशी शोधायला गेला तर घंटेचा आवाज नाही. मोरीच्या घंटेचा लोलक गळून पडला होता. राईच्या मध्यावर दोन कातळांमधून जी अरुंद वाट जाते, तिथे मोरी आडवी बसलेली सापडली. मागे सगळा कळप उभा, पण एकही म्हैस तिला ओलांडून पुढे जाईना. कोंडूने हाकललं, गोंजारलं, शिव्या दिल्या, पण मोरी हलली नाही. पाच दिवस तो तिला तिथेच चारापाणी देत राहिला. सहाव्या दिवशी ती गेली. तिला त्याने तिथेच पुरलं आणि तिच्यावरून कळप न्यायला काही त्याचं मन धजेना. राईचा पलीकडचा, झऱ्याकडचा भाग असा आपोआप बंद पडला.

पावसाळा सरला. अलीकडे म्हशींनी गवत खुरटं ठेवलं होतं, पलीकडे चिखलातून रोपं डोकावत होती. जांभळीच्या खोडाला पालवी होती आणि झऱ्याची धार मनगटाएवढी. बांधलेली बिऱ्हाडं सुटली.

दसऱ्याला कोंडू मोरीची घंटा घेऊन निघाला. "आता उमगलं! पल्याड कायमचं बंद, अल्याड कायमचं खुलं. आणच घेतो."

त्याची बायको बागाई वाटेत आडवी आली. "अवो, दोनदा आसंच कायमचं ठरवून टाकलंत आन् दोन्ही येळा राईचा घात केलात. देवी कशाला खोटं बोलंल? बंद करू का म्हणून इचारलंत, ती हो म्हणाली. कुठवर, कवापातुर, ह्ये इचारलंत का? न्हाई कळत म्हणालात तवाच काय ते नीट झालं!"

कोंडू तिथेच थांबला. मग घंटा घेऊन राईत गेला, आधी झरा पाहिला, गवत पाहिलं, रोपांची उंची हाताने मापली आणि त्या एका सालापुरती घंटा पलीकडच्या फांदीला टांगली. आण मात्र घेतली नाही.

आजही दसऱ्याला वाड्यातला सगळ्यात वडील माणूस राईभर फिरतो, झऱ्यात मनगट बुडवतो आणि पाषाणापुढे हात जोडून म्हणतो, "आई, मला कळत न्हाई." मगच घंटा कुठे टांगायची ते ठरतं. एका साली धाकलूबुवांचे थोरले बंधू म्हणाले, एवढं फिरायचं कशाला, मला सगळं ठाऊक आहे. वाड्याने त्यांच्या हातून घंटा काढून घेतली आणि पुन्हा कधी दिली नाही.