कुरवबेटाची मोत्ये

एका राज्यात समुद्र जमिनीच्या कुशीत शिरून निजला होता. त्या कुशीला लोक बंदर म्हणत, आणि बंदराच्या तोंडाशी एक बेट होते. बेट ते केवढे? सकाळी एका टोकाहून निघालेला माणूस उन्हे तापायच्या आत दुसऱ्या टोकाला पोचावा, एवढे. पण त्यावर काय नव्हते! कडेने तिवरांची राई होती, वाळूच्या माथ्यावर केवड्याचे बन होते. मध्ये पडका कोट होता, त्याच्या भिंतींवर वड चढले होते. टोकाला गलबतांना वाट दाखवणारा जुना दीपमनोरा उभा होता. आणि सगळ्यावर पांढऱ्या कुरव पाखरांचे ढगच्या ढग. म्हणून त्याचे नाव कुरवबेट.

त्या राज्याचा राजा अरिंजय. तरुण, शूर, हाताचा सढळ. पण एकदा मनात आले की कोणाचे ऐकायचा नाही. त्याचे आईवडील तो रांगता असतानाच वारले होते. त्याला वाढवले ते त्याची आत्या वेणावती हिने. सारा राजवाडा तिला आत्यासाहेब म्हणे. केस पांढरे झाले, गुडघे दुखू लागले, तरी तिची पावले वाजली की मुदपाकखान्यापासून दरबारापर्यंत सगळे सावरून बसत.

त्या वर्षी राजाला नवे सिंहासन घडवायचे होते, आणि त्यावर मोत्यांचे छत्र असावे असे त्याच्या मनाने घेतले. कुरवबेटाच्या कोटात मोत्यांचा पेटारा आहे आणि त्याला शाप आहे, हे राज्यात कोणाला ठाऊक नव्हते? आत्याने त्याला जवळ बसवून समजावले.

"अरिंजया, ज्या वस्तूला चोरही हात लावत नाहीत, ती राजाने का उचलावी?"

राजा हसला. शाप दुबळ्यांना बाधतात, म्हणाला, आणि कुदळी-फावडी घेऊन होडीत बसला.

दुपार कलली तेव्हा होडी परत आली. राजा तिच्यात नव्हता. वल्हेकरी धक्क्यावर उतरतात तोच त्यांच्या पाठीमागे समुद्र निघून चालला. पाणी घाटाच्या पायऱ्यांवरून उतरले, धक्क्याखालून सरकले, गलबतांच्या पोटाखालून निसटले. मोठमोठी गलबते कुशीवर कलंडली. सांज होईपर्यंत बंदरापासून बेटापर्यंत आणि बेटापासून पार क्षितिजापर्यंत राखाडी चिखल पसरला, आणि समुद्राची दूरवर एक बारीक रेघ तेवढी उरली.

तेव्हा एक समुद्रगरुड राजवाड्याच्या कठड्यावर येऊन बसला आणि माणसाच्या वाणीने बोलला.

"राजा मेला नाही. राजा पाखरू झाला आहे. ज्याला तो परत हवा असेल त्याने एकट्याने यावे, आणि हत्यार न घेता यावे."

सेनापती पुढे झाला, पण तलवार काही त्याच्या हातून सुटेना. प्रधानजी म्हणाले की आधी विचारविनिमय व्हावा. वेणावतीने दोघांचेही ऐकून घेतले आणि दासीकडून जुने लुगडे मागवले. तिने कासोटा घातला, भोपळ्याच्या तुंब्यात पाणी भरून घेतले आणि ती कोळीवाड्यात गेली. तिथल्या बायकांनी तिला एक गुळगुळीत फळी दिली. एक गुडघा फळीवर टेकायचा, दुसऱ्या पायाने चिखल मागे रेटायचा, थांबायचे मात्र नाही, हेही शिकवले. सकाळी आत्यासाहेब चिखलावरून निघाली, आणि सारे नगर धक्क्यावर उभे राहून पाहत राहिले.

जन्मभर तिने ते बेट खिडकीतून पाहिले होते. पाय मात्र कधी ठेवला नव्हता. आता जवळून पाहते तो चिखल मुळीच मेलेला नव्हता. निवट्या मासोळ्या डोळे वर काढून टुणटुण उड्या मारत होत्या. एवढेएवढे खेकडे आपली एकच लाल नांगी उंचावून हलवत होते, जणू दारात उभे राहून पाहुण्याला या म्हणत होते. तिवरांच्या मुळ्या चिखलातून बोटांसारख्या वर आल्या होत्या. गुडघा दुखत होता, तरी वेणावतीला वाटले, अगबाई, हे सारे माझ्या खिडकीखाली होते!

दीपमनोऱ्याच्या पायरीवर बेटाची राखण करणारा मायावी कर्दमनाथ बसला होता. त्याच्या दाढीत शेवाळ उगवले होते आणि पायांना कालवांचे शिंपले चिकटले होते.

"राजकन्ये, उशीर केलास," तो म्हणाला.

किती वर्षांत तिला कोणी राजकन्या म्हटले नव्हते. ती म्हणाली, "माझा भाचा मला परत हवा आहे. काय करावे लागेल?"

"तीन कामे. पहिले, या बेटाची जन्मापासूनची हकिगत मला सांग. दुसरे, कोटातली मोत्ये बाहेर काढ. पण एक पारंबी तुटता कामा नये, एक ढेकूळ उकरता कामा नये. तिसरे काम त्याच्या वेळी सांगेन. चुकलीस तर तूही इथलीच होशील, आणि समुद्र तिकडचाच राहील."

वेणावतीने मान डोलावली आणि ती कामाला लागली.

तिने खंड्याला विचारले. त्याला फक्त आजचा मासा ठाऊक होता. तिने बगळ्याला विचारले. त्याला आजोबांपर्यंतचे आठवत होते, त्यापलीकडे नाही. खडकावर ऊन खात पडलेले पाणमांजर तेवढे म्हणाले, की मनोरा बांधायच्या आधी जी अंड्यातून निघाली तिला विचार.

दुसऱ्या दिवशी पहाट फुटताना वेणावतीला ती दिसली. थाळ्याएवढ्या तोंडाची, होडीएवढ्या पाठीची कासवीण वाळूपासून दूर चिखलात रुतून पडली होती. अंडी घालायला ती दरवर्षी याच वाळूवर येई. या वेळी पाणीच नव्हते. वेणावतीने तुंब्यातले पाणी तिच्या डोळ्यांवर आणि पाठीवर ओतले, स्वतःसाठी घोटभरही ठेवले नाही. फळी तिच्या पोटाखाली सरकवली, पदर पिळून त्याचा दोर केला आणि ओढू लागली. ऊन डोक्यावर आले तेव्हा कासवीण वाळूला लागली. तिने खड्डा केला, अंडी घातली, मायेने वाळू लोटली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. मग न विचारताच ती बोलू लागली.

"बाई, माझ्या आज्या-पणज्या सांगत, आधी इथे नुसता काळा खडक होता. पाखरे दमून त्यावर बसली, त्यांच्या शिटेतून वडाचे बी पडले. लाटांनी उंडीची फळे आणून टाकली. तिवराची रोपे तरंगत आली आणि चिखलात उभी राहिली. त्यांनी माती धरली, आणि खडकाचे बेट झाले. मग होडीतून साधू आले. त्यांनी गुहा कोरली, पावसाचे पाणी साठवायला टाके खोदले. पाखरांना ते कधी हुसकत नसत. मग दर्यावर्दी आले, त्यांनी मनोरा बांधला, आणि वाट चुकलेली गलबते घरी येऊ लागली. मग राजे आले, त्यांनी कोट बांधला. लढाया झाल्या, तोफा गंजल्या, राजे गेले, आणि वडाने कोट आपल्या मिठीत घेतला. शेवटी आला राजा हेमांगद. त्याने पाणबुडे लावून इथली मोत्यांच्या कालवांची सारी खाजणे, त्यांच्या पाण्याखालच्या वस्त्या, खरवडली. पिल्लूसुद्धा ठेवले नाही. मोत्यांचा पेटारा भरला, आणि त्यातली एक माळ त्याने कोटातच गळ्यात घातली. त्याच क्षणी त्याला पंख फुटले."

वेणावती वाळूवर बसली. राजा हेमांगद तिचा बाप होता. ती परकरी पोर असताना त्याची होडी रिकामी परत आली होती, आणि तो बुडाला असे सगळ्यांनी तिला सांगितले होते.

तिने मनोऱ्यापाशी जाऊन सगळी हकिगत सांगितली. बापाचा भागही गाळला नाही. कर्दमनाथ डोळे मिटून ऐकत होता.

"त्या वेळी मी फक्त अपराध्याला घेतले होते," तो म्हणाला. "त्याच घराण्याने पुन्हा हात घातला, म्हणून समुद्रही घेतला. जा, दुसरे काम कर."

कोटाच्या तळघराला वडाच्या मुळांनी असे विणून टाकले होते की मुंगीला वाट मिळावी, माणसाच्या हाताला नाही. आतून वटवाघळांची फडफड ऐकू येई आणि मुळांच्या जाळीतून मोत्यांची चमक दिसे. राजाची कुदळ तिथेच पडली होती. वेणावतीने ती उचलून बाहेर ठेवली आणि भिंतीला टेकून बसली. करावे काय, ते तिला सुचेना.

तेवढ्यात तिच्या पायाशी काही तरी खुडबुडले. शंखात राहणारे खेकडे होते ते. अंग वाढले की जुना शंख टाकायचा आणि लाटेने आणलेला मोठा शंख गाठायचा, ही त्यांची रीत. आता लाट येत नव्हती. कोणी अंगाला काचणाऱ्या शंखात कसेबसे कोंबलेले, तर कोणी उघडेच, मऊ पोट वाळूत लपवत फिरत होते. त्यांचे हाल तिला पाहवेनात. ती उठली, चिखलावर गेली आणि उघड्या पडलेल्या समुद्रतळावरून रिकामे शंख वेचू लागली. मोठे, लहान, पट्ट्यांचे, काटेरी. ओटी भरली की आणून ओती, पुन्हा जाई. काम बाजूला राहिले आहे याची तिला आठवणही राहिली नाही. खेकड्यांनी मात्र बाजार भरल्यासारखी धांदल केली. एक निघाला की दुसरा शिरला, दुसऱ्याचे घर तिसऱ्याने घेतले, आणि दिवस मावळायच्या आत प्रत्येक जण ऐसपैस घरात बसला.

मग ते सगळे रांगेने मुळांच्या जाळीत शिरले. थोड्या वेळाने पहिला बाहेर आला, त्याच्या नांगीत एक मोती होते. त्याच्यामागे दुसरा आला. सकाळ होईपर्यंत वेणावतीच्या पदरात मोत्यांची रास झाली. पारंबी हलली नव्हती, ढेकूळ सरकले नव्हते.

तिने ती रास कर्दमनाथापुढे नेली नाही. सरळ चिखल तुडवत कालवांच्या ओसाड खाजणात गेली आणि मूठमूठ करून सारी मोत्ये तिथे पेरली. चिखलातल्या रिकाम्या शिंपल्यांनी तोंडे उघडली, मोत्ये आत घेतली आणि तोंडे मिटली. दूर क्षितिजावर पाण्याची रेघ थोडी जाड झाली.

मागे कर्दमनाथ येऊन उभा राहिला होता. "एवढे मी सांगितले नव्हते," तो म्हणाला. त्याचा आवाज मवाळ झाला होता. "आता तिसरे काम. वाळूच्या दांड्यावर सगळे कुरव उतरले आहेत. त्यांतून तुझा माणूस ओळख आणि त्याला नावाने हाक मार. हाक एकच आहे. दुसरी मिळणार नाही."

वेणावती वाळूच्या दांड्याशी गेली. पाखरेच पाखरे. सारखी पांढरी छाती, सारखी करडी पाठ, सारखे लाल पाय. वारा समुद्राकडून येत होता. ती कितीतरी वेळ नुसती पाहत राहिली, आणि मग तिच्या लक्षात आले की सगळे कुरव वाऱ्याकडे तोंड करून बसले आहेत. पाखराला हे शिकवावे लागत नाही. वारा समोरून आला तर पिसे अंगाशी बसतात, मागून आला तर विस्कटतात. त्या सगळ्या थव्यात दोनच पाखरे वाऱ्याला पाठ देऊन बसली होती. पिसे उलटी होत होती, थंडी बोचत असणार, तरी ती नगराकडे, राजवाड्याकडे टक लावून होती.

दोन. तिला दोघांचीही नावे माहीत होती. कोण कोणता, ते मात्र कळत नव्हते.

एक तिने हाताचा पाळणा करून वाढवलेला. दुसरा, ज्याच्या खांद्यावर बसून तिने पहिल्यांदा गलबते पाहिली होती. हाक चुकली तर बंदर कायमचे कोरडे राहणार. आणि हाक बरोबर लागली तरी दोघांतला एक इथेच राहणार. ती पुढे झाली. दोन्ही पाखरांनी माना वळवून तिच्याकडे पाहिले. तिचे पांढरे केस वाऱ्यावर उडत होते.

त्यातल्या एकाने तिच्याकडे फार वेळ पाहिले. मग त्याने राजवाड्याकडे एकदा नजर टाकली, आणि जागच्या जागी हळूहळू वळून तो वाऱ्याकडे तोंड करून बसला. त्याची पिसे अंगाशी नीट बसली.

वेणावतीने उरलेल्या पाखराकडे पाहून हाक मारली.

"अरिंजया, घरी चल."

पाखराच्या जागी राजा उभा राहिला, थंडीने कुडकुडत, केसांत पिसे अडकलेली. तो तिच्या पायांवर पडला. तिने त्याला उठवून आपला पदर त्याच्या अंगावर घातला.

"नाथ, तो दुसरा?" तिने विचारले.

"त्याचे माणसाचे आयुष्य कधीच सरले, राजकन्ये. आता तो शापित नाही. नुसता कुरव आहे."

म्हातारा कुरव चालत चालत तिच्याजवळ आला. ती वाळूवर बसली. दोघे एकमेकांशेजारी, वाऱ्याकडे तोंड करून, काही वेळ तसेच बसून राहिले. मग समुद्राचा घोष ऐकू आला. पाणी येत होते, फेसाळत, खिदळत, चिखलाच्या भेगा भरत, खाजणावरून आणि तिवरांच्या मुळ्यांमधून. सारा थवा एकदम उडाला, आणि तो कोणता होता ते पुन्हा ओळखता आले नाही.

बंदरात गलबते उठून उभी राहिली. कोळणींनी होडी पाठवून आत्या-भाच्याला घरी नेले. अरिंजयाने पुढे साध्या सागवानी सिंहासनावर बसून राज्य केले. बेटावर कुदळ न्यायला त्याने बंदी घातली, खाजणांना हात लावू दिला नाही. दरवर्षी कासविणी वाळूवर येत तेव्हा तो स्वतः आत्याला होडीतून घेऊन जाई, आणि दोघे लांब उभे राहून पाहत. शाप संपला तसा कर्दमनाथाच्या पायांची कालवे आपोआप गळून पडली. पण तो कुठे गेला नाही. मनोऱ्यात दिवा लावायला कोणीतरी हवेच होते.

त्या बंदराला जसे पाणी परतले, तसे ते ऐकणाऱ्यांच्या आडा-विहिरींना परतो; बेटावर जशी पाखरे नांदली, तशी ती सगळ्यांच्या अंगणात नांदोत.