बांधाईच्या अंथरुणाची कहाणी

ऐक बांधाई, तुझीच कहाणी. आटपाट गाव होतं. गावाला ओढा होता. ओढ्याकाठी केरू कुणब्याचं काळंभोर शेत होतं. शेताच्या नि ओढ्याच्या मध्ये रुंद बांध होता. बांधावर गुडघाभर गवत, गवतात लावा पाखरांची अंडी, बोरीला मधाचं पोळं. केरूच्या बायकोचं नाव गोदू. तिची सासू मरताना तिला सांगून गेली, "वैशाखातल्या पहिल्या शनिवारी बांधावर दहीभात ठेवत जा. बांधाला नांगर लावू देऊ नको. तिथं बांधाची आई, बांधाई निजते." गोदूनं बरं म्हटलं.

सासूला वर्ष झालं. वैशाख आला. केरू म्हणाला, "गवताला एवढी जागा कशाला? नांगराचं एक तास, एक ओळ, बांधात घालतो. चार पायल्या ज्वारी जास्त होईल." गोदूला सासू आठवली. पण दाण्यांनी भरलेली कणगी कुणाला नको असते, बायांनो? आपण दहीभात ठेवतोच आहोत, मग झालं, असं ती मनाशी म्हणाली. इकडं तिनं दहीभात ठेवला, तिकडं त्यानं तास घातलं.

त्याच दुपारी दारात एक म्हातारी आली. अंगभर धूळ, केसांत गवताची कुसळं. म्हणाली, "बाई, माझं अंथरूण आखूड झालं. निजायला जागा दे." गोदू म्हणाली, "निजा की ओसरीवर." म्हातारी पाय पोटाशी घेऊन निजली. गोदू पाणी आणायला आत गेली, परत आली, तर ओसरी रिकामी. जमीन तेवढी ओली होती. त्या दिवसापासून कुत्रं ओसरीवर चढेना. माणूस बसला की त्याचे पाय बधिर व्हायचे. पण पीक चांगलं आलं, कणगी भरली. मग कोण कशाला विचार करतंय?

दुसरा वैशाख आला. केरूनं दुसरं तास घातलं. गोदूनं दहीभात ठेवला. टळटळीत दुपारी म्हातारी आली. आता ती बारीक झाली होती. म्हणाली, "बाई, माझं अंथरूण आखूड झालं. निजायला जागा दे." गोदूचे बाळंतपणाचे दिवस भरत आलेले. तिला भीती वाटली, पण नाही कसं म्हणावं? ती म्हणाली, "निजा चुलीपाशी." म्हातारी निजली नि दिसेनाशी झाली. तेव्हापासून भाकरीनं पोट भरेना. केरू सहा भाकऱ्या खाई, हात धुई, नि म्हणे, "वाढ गं, भूक लागली." कणगी भरलेली नि माणसं उपाशी.

मग गोदूला लेक झाली. सगुणा नाव ठेवलं. गोरीगोमटी, अंगानं भरलेली. आईला तिच्यापुढं काही सुचेना.

तिसरा वैशाख आला. केरूनं तिसरं तास घातलं. बांधाची नुसती रेघ उरली. लावे गेले, मधमाश्या गेल्या, रानात आवाज म्हणून राहिला नाही. दुपारी म्हातारी आली. बोटाएवढ्या जाडीची झाली होती. थेट पाळण्याकडं बघून म्हणाली, "बाई, निजायला जागा दे." गोदूनं लेकीला उचलून उराशी धरलं. म्हणाली, "ही नाही द्यायची." म्हातारी म्हणाली, "मी मागत नाही. तुम्ही तरी माझी जागा कुठं मागून घेतली होती?" असं म्हणून ती पाळण्यात शिरली. पाळण्यात कुणी दिसेना. पण दोऱ्या ताणल्या, कडी करकरली, पाळणा आपोआप हलू लागला.

मग सगुणा हलकी होऊ लागली. अंगानं तशीच गुबगुबीत, पण वजन नाही. रडेना, हसेना, उघड्या डोळ्यांनी पाळण्याकडं बघत राही. आषाढात फुलासारखी झाली. अश्विनात सुपातल्या फोलपटासारखी झाली. गोदू तिला पदरानं पोटाशी बांधून ठेवी, वारा सुटला की दार लावून घेई. मार्गशीर्षात ज्वारी उभी राहिली. कणसं हातभर, पण चोळून बघावं तर आत दाणा नाही.

गोदू पाळण्यापुढं बसली. म्हणाली, "आई, मी चुकले. दहीभात ठेवला नि तुझं अंथरूण ओढलं. काय केलं म्हणजे उठशील?" पाळण्यातून आवाज आला, "शेत तुमचं. पेरा, पोटभर खा. मला सगळं नको. माझी तीन तासं मला परत द्या."

गोदूनं हे सांगितलं, तर केरू ऐकेना. म्हणाला, "उभं पीक मोडतेस? दाणा नसला तरी कडबा होईल. लोक वेड्यात काढतील." गोदू भांडली नाही. तिनं पदर सोडला नि लेक त्याच्या हातांवर ठेवली. केरूच्या हातांना काही लागलंच नाही. त्यानं लेक परत गोदूच्या पदरात बांधली, कुदळ घेतली नि शेताकडं चालू लागला.

दोघांनी तीन तासांची ज्वारी उपटली. माती ओढून बांध घातला. ओढ्याकडून हराळी नि मारवेल गवताचे ठोंब आणून लावले. घरी पाळणा थांबला. म्हातारी बाहेर आली, रानात गेली, उघड्या बांधावर निजली. पाय पोटाशीच होते. गोदूनं विचारलं, "अजून काय चुकलं?" ती म्हणाली, "गवत येऊ दे. घेताना तीन वर्षं लावलीत, आता देतानाही लागतील."

पहिल्या वर्षी गवत टीचभर आलं, सगुणा रडली. दुसऱ्या वर्षी लावे परतले, सगुणेचं पाऊल मातीत उमटलं. कणगी थोडी रिती राहू लागली, पण दोन भाकऱ्यांत केरूला ढेकर येऊ लागला. तिसऱ्या वैशाखात गोदू दहीभात घेऊन गेली, तर गवतात कुणीतरी पाय पसरून निजल्याची लांबच लांब खूण होती. ती घरी आली. सगुणा दारात उभी होती. गोदूनं तिला कडेवर घेतलं, तर कंबर वाकली. "अगं बाई, किती जड झालीस," म्हणाली, आणि ओसरीवर बसून पोटभर रडली.

बायांनो, ज्या घरी भर दुपारी रिकामा पाळणा हलेल, तिथल्या बाईनं आधी बांध बघून यावा. गोदूच्या कडेवर जसं लेकराचं वजन आलं, तसं तुम्हां आम्हां सगळ्यांच्या कडेवर येवो. साठ उत्तरांत सांगायची ही कहाणी पाच उत्तरांत सांगितली, बांधाईच्या पायांशी सुफळ झाली.