चंद्राक्कानं पाहिलेल्या फुटबॉलची कहाणी

ऐक मैदानाई माते, तुझी कहाणी. बायांनो, मुठीत फुटाणे घ्या, मांडीवरची पोरं निजवा, आणि मन इकडं द्या.

आटपाट नगराला एक वेस होती. वेशीबाहेर टेकडी होती, टेकडीखाली मैदान होतं, मैदानाला लागून कॉलेज होतं. त्या नगराला राजा नव्हता, राजवाडा नव्हता. पण कॉलेजची फुटबॉलची टीम होती. पिवळा तिचा सदरा, तांबडी त्यावर पट्टी. थंडी पडली की सामने लागायचे, आणि सामने लागले की नगरात दुसरं बोलणं नसायचं.

त्या नगरात सुबराव नावाचा एक गृहस्थ राहत होता. तरुणपणी तो याच टीममधून खेळला. पुढं तेलाच्या गिरणीत लागला, केस पिकले, पण एक सामना कधी चुकवला नाही. मग एके वर्षी काय झालं? ऐन दिवाळीत त्याच्या अंगावरून वारं गेलं. उजवं अंग लुळं पडलं. बोलणं राहिलं, चालणं गेलं. सुबराव बाजेवर पडला आणि आढ्याकडं बघत राहिला. जेवण सुचेना, झोप लागेना, कुणाशी बोलणं नको.

त्याची बायको चंद्राक्का. तिनं कधी मैदान पाहिलं नव्हतं. ती म्हणाली, "अहो, सामने लागलेत. तुम्हांला जाता येत नाही, तर मी जाते. आजपासून माझे डोळे ते तुमचे. जे बघीन ते येऊन सांगीन."

मग तिनं डोईवरून पदर घेतला, पदरी फुटाणे बांधले, मैदानावर गेली. बायका कुणी नव्हत्या. एका पायरीवर एक म्हातारी तेवढी बसली होती. अंगावर घोंगडी, पायांत धुळीचे जोडे. चंद्राक्का तिच्याशेजारी बसली, तिच्या हातावर फुटाणे ठेवले. म्हातारी म्हणाली, "बाई, कुणासाठी आलीस?" चंद्राक्कानं सगळं सांगितलं. म्हातारी म्हणाली, "मग वसा घे. पण घेशील तर पाळशील का?"

"पाळीन, आजी. वसा कोणता?"

"टीम जिंकली तर मातू नकोस. हरली तर उठू नकोस. आणि घरी जाऊन खोटं सांगू नकोस. शेवटच्या शिट्टीपर्यंत बसावं, हरणाऱ्यालाही फुटाणे द्यावे. एवढाच वसा."

चंद्राक्कानं वसा घेतला. मान वळवून बघते तों म्हातारी नाही.

पहिल्या सामन्यात चंद्राक्काला काही कळेना. एका चेंडूमागं इतकी माणसं का धावतात, आणि गोल झाल्यावर पंच हात वर करून तो नाही का म्हणतो? शेजारच्यांना विचारलं, त्यांनी सांगितलं. तिनं डोळ्यांत साठवलं. टीम हरली. घरी येऊन म्हणाली, "अहो, हरलो. पण तो अस्लम आहे ना कप्तान, ताकात रवी फिरावी तसा फिरला, दोघं त्याच्या मागं आपटले." सुबरावानं ऐकलं, पण जेवण निम्मंच केलं.

दुसरा सामना झाला. टीम हरली. सुबरावानं ताट बाजूला सारलं.

तिसरा सामना झाला. टीम फार हरली. चंद्राक्का घरी निघाली, पण पाय उचलेना. आता हे सांगितलं तर माणूस खाणंच टाकील. काय करावं? दारात आली. बाजेवरून आवाज आला, "काय झालं गं?" आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "जिंकलो!"

सुबरावाचा चेहरा उजळला. एक भाकरी खाल्ली, दुसरी मागितली. ताक मागितलं. रात्री गाढ झोपला. चंद्राक्काला बरंही वाटलं, आणि जिभेवर कडूही लागलं.

मग तिला खोट्याची सवय झाली. एकदा सामना अर्धा टाकून उठली, म्हटलं, सांगायचं तर आपणच आहे. मग जाणंच सोडलं, नदीच्या घाटावर बसून राही आणि येताना मनातच सामना रची. दोन गोलांनी जिंकवली, मग चारांनी जिंकवली. "कुणी मारले?" सुबराव विचारी. "अस्लमनंच," ती सांगे. "कसे मारले?" "मारले, झालं!" सुबराव आढ्याकडं बघे. जेवण तेवढं पूर्ण करी.

हंगाम संपत आला. एके दिवशी दारात कोण उभं? अस्लम. हातात काठी, गुडघ्याला पट्टी. सुबरावाच्या पाया पडला. सुबराव म्हणाला, "ये रे वाघा! कालच दोन गोल मारलेस म्हणे. आणि हा गुडघा कधी दुखावलास?"

अस्लम गोंधळला. "काका, मी तर महिनाभर बाकावर बसून आहे. काल आपण हरलो. तुम्हांला कुणी सांगितलं?"

चुलीपुढं चंद्राक्काची भाकरी तव्यावर जळली. तिला उलटायचं भान राहिलं नाही.

अस्लमच्या सगळं ध्यानात आलं. तो खाली बघून म्हणाला, "काका, यंदा एकही जिंकलो नाही. उद्या शेवटचा सामना आहे. हरणाऱ्यानं पुढल्या वर्षी खालच्या गटात जायचं. लोक यायचे बंद झालेत. तुमचा आशीर्वाद घ्यावा म्हणून आलो." मग दारातनं वळून म्हणाला, "काकू, तुम्ही दिसत नाही. तुमची पायरी रिकामी असते. पोरं विचारतात."

तो गेला. चंद्राक्का म्हणाली, "तुम्ही जेवावं म्हणून बोलले हो."

सुबराव रागावला नाही. तेच तिला सोसेना. तो म्हणाला, "चंद्रा, तुझ्या त्या जिंकलेल्या सामन्यांत चेंडूच नव्हता गं. मला वाटायचं, आजारानं माझंच डोकं गेलं, मला काही दिसत कसं नाही? पहिल्या दिवशी तू अस्लम सांगितलास, तो मला दिसला होता. हरलेला असला तरी दिसला होता." एवढं बोलून त्यानं भिंतीकडं तोंड केलं. त्या दिवशी ताटाला हात लावला नाही.

सकाळी चंद्राक्का उठली, न्हाली, फुटाणे बांधले, रडत रडत मैदानावर गेली. पायरीवर म्हातारी बसलेली. चंद्राक्कानं तिचे पाय धरले.

"सामना टाकून उठलीस का?"

"उठले."

"घरी खोटं सांगितलंस का?"

"सांगितलं."

"आता काय म्हणतेस?"

"आजी, माझा वसा मोडला. मला काय शिक्षा द्यायची ती दे, पण त्यांचं तोंड भिंतीकडनं फिरव."

म्हातारी म्हणाली, "वेडे, मी कोण फिरवणारी? वसा मोडतो तिथंच जोडतो. आजचा सामना बघ. जे घडेल तेच सांग." आणि धुळीचा एक लोट उठला. धूळ बसली, तों म्हातारी नाही.

सामना लागला. समोरची टीम थोरली, पायांत नवे बूट, मागं ढोलताशे. मध्यंतराच्या आत दोन गोल झाले. लोक उठले. कुणी म्हणालं, म्हशी धुवायच्यात. कुणी म्हणालं, पाहुणे यायचेत. बघता बघता पायऱ्या मोकळ्या झाल्या. चंद्राक्काला ऊन लागलं, तहान लागली, पण ती उठली नाही. आजवर मैदानात तिनं आवाज काढला नव्हता. आज उभी राहिली आणि ओरडली, "अरे पोरांनो, मी आहे रे! मी आहे बसलेली!"

पोरांनी वळून पाहिलं. अस्लमनं गुडघ्याची पट्टी आवळली, टीमला शिकवणाऱ्या गुरुजींपुढं हात जोडले, आणि लंगडत मैदानात उतरला.

मग काय झालं? एकदा त्याचा चेंडू खांबाला लागला. एकदा जाळ्यापुढच्या गोलीनं अडवला. चंद्राक्का ओरडतच होती. तिसऱ्यांदा चेंडू उंचावरून आला, अस्लमनं छातीवर घेतला, दुखऱ्या पायावर तोल सांभाळला, आणि दुसऱ्या पायानं असा मारला की जाळं हललं. गोल! मोकळ्या पायऱ्यांवर एकटी चंद्राक्का नाचली.

पण वेळ सरली. शिट्टी झाली. टीम हरली, दोनास एक. पोरं गवतावर बसली. चंद्राक्का खाली उतरली, एकेकाच्या हातावर फुटाणे ठेवले, जिंकलेल्यांनाही दिले, आणि घराकडं निघाली.

दारात आली, बोलायला गेली, तर आवाज नाही. ओरडून ओरडून घसा बसलेला. सुबराव भिंतीकडूनच म्हणाला, "काय झालं?" उत्तर येईना. म्हणून तो वळला. चंद्राक्कानं समोरच्यांचे म्हणून दोन बोटं दाखवली, आपला म्हणून एक. आणि डोळे पुसले.

सुबरावानं डोळे मिटले. मग उघडून म्हणाला, "एक झाला ना? कसा झाला? दाखव."

चंद्राक्कानं इकडं तिकडं पाहिलं. टोपलीतला कांदा घेतला. लुगड्याचा काष्टा सावरला. कांदा वर उडवला, छातीवर झेलला, एका पायावर लंगडली, पडता पडता सावरली, आणि दुसऱ्या पायानं असा मारला की कांदा हंड्यावर आदळून ठण्ण वाजला!

सुबराव हसला. दिवाळीपासून पहिल्यांदा पोटातून हसला. "हं, आता दिसला!" म्हणाला. कांदा घरंगळत त्याच्या बाजेवरून लोंबणाऱ्या उजव्या पायाशी आला. आणि काय सांगू बायांनो, तो लुळा अंगठा हलला. कांद्याला लागला. कांदा वीतभर पुढं गेला.

दोघं एकमेकांकडं बघत राहिली. मग चंद्राक्कानं भाकरी वाढली, दोघं एका ताटात जेवली. आणि राहिलेले सामने, पाहिलेले आणि न पाहिलेले, तिनं जसेच्या तसे कबूल केले.

पुढल्या थंडीत टीम खालच्या गटात खेळली. चंद्राक्कानं सुबरावाला धरधरून मैदानावर नेलं. एका हातात काठी, एका हातात तिचा खांदा. दोघं पायरीवर बसली. त्याही दिवशी टीम हरली. लोक उठून गेले. सुबराव म्हणाला, "जायचं का?" चंद्राक्का म्हणाली, "अजून शिट्टी व्हायचीय." दोघं बसून राहिली.

जशी मैदानाई चंद्राक्काला पावली, तशी तुम्हांआम्हां पावो. जिंकल्या घरी माज न येवो, हरल्या घरी चूल न विझो, पायरीवर सोबतीला कुणीतरी असो. ही हारजितीच्या हंगामाची कहाणी, एका शिट्टीत सुफळ संपूर्ण.