बिनलोळ्याची घंटा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा उंबरखोऱ्यात यायला गाडीवाट नव्हती, नदीवर साकव नव्हता, आणि देवीच्या रोगाचं नाव मोठ्यानं घ्यायला माणसं घाबरत. कुणाच्या घरात तो ताप शिरला की दाराला कडुनिंबाचा डहाळा लागायचा. त्या घरात फोडणी बंद व्हायची, आणि त्या घराकडे वळणारी पावलंही बंद व्हायची.

मग आत कोण जायचं? आत जायची गोजरा.

गोजराला लहानपणी देवी येऊन गेल्या होत्या. त्यात तिचा एक डोळा गेला आणि तोंडभर व्रण राहिले. पण ज्याला एकदा देवी येऊन जातात त्याला त्या पुन्हा येत नाहीत, एवढं तेव्हाही लोकांना ठाऊक होतं. पुढं तिचा नवरा त्याच रोगानं पडला. तिनं एकटीनं त्याचं सगळं केलं, पण तो वाचला नाही. त्याला माती देऊन ती नदीवर बसली होती, तेव्हा एक म्हातारा लांबूनच हात जोडून म्हणाला, की माझी सून पडलीय आणि तिच्या तोंडात पाणी घालायला कुणी नाही. गोजरा उठली आणि गेली. त्यानंतर ती जातच राहिली.

ते काम कसं होतं म्हणाल, तर कुणी मागून घ्यावं असं नव्हतं. रोग्याचं अंग सुताच्या कपड्याला चिकटतं, म्हणून ती त्याला केळीच्या पानावर निजवायची. फोड खाजवू नयेत म्हणून हाताला मऊ चिंध्या गुंडाळायची. कापसाच्या बोळ्यानं पेज पाजायची, कडुनिंबाच्या पाण्यानं डोळे पुसायची. वास असा यायचा, की घरातली माणसं मागच्या दारी जाऊन बसत. गोजरा मात्र तिथंच बसून श्वास ऐकायची. श्वास कसा चाललाय यावरून तिला कळायचं, की हा राहणार की जाणार. कळलं तरी ती कुणाला सांगत नसे, असं म्हणतात.

तिला स्वतःसाठी भय नव्हतं. तिला भय होतं साळूचं.

साळू तिची लेक. बाप गेला तेव्हा चार वर्षांची होती आणि तिला देवी आलेल्या नव्हत्या. गोजरानं तिला गावातच आपल्या भावाच्या, बाबाजीच्या घरी ठेवलं, आणि स्वतः नदीपलीकडं काळ्या खडकाजवळ झोपडी बांधून राहिली. रोग्याच्या घरून आली की त्या खडकावर ती अंगावरचं लुगडं राखेच्या पाण्यात उकळायची, आंघोळ करायची आणि उन्हात बसायची. तरी तिची खात्री पटायची नाही. रोग कुठं नखाच्या कोपऱ्यात बसला असेल तर? म्हणून तिनं लेकीला शिवायचं नाही असं ठरवलं.

आणि तिनं कमरेला एक घंटा बांधली. म्हशीच्या गळ्यात बांधतात तसली पितळी घंटा, पोटात लोखंडी लोळा लोंबणारी. रोग्याच्या घरातून बाहेर पडली की नदी ओलांडेपर्यंत ती घंटा वाजत राहायची. आवाज आला की आया पोरांना आत ओढत, आणि गल्ली मोकळी होई. काही टवाळ माणसं दाराआडून म्हणत, "यमाची म्हैस चरायला निघाली." गोजरा चालता चालताच म्हणायची, "म्हैस दूध तरी देते रे बाबांनो. माझ्याकडं नुसतं कडुनिंबाचं पाणी."

दिवस कलायच्या आत मायलेकी भेटत. भेटत म्हणजे, साळू नदीच्या अलीकडं उभी राही आणि गोजरा पलीकडं. मध्ये पाणी.

"काय जेवलीस?" गोजरा ओरडून विचारी.

"भाकर आणि हुलग्याचं माडगं."

"वेणी कुणी घातली?"

"मामीनं."

"वळून दाखव."

साळू पाठ करून उभी राही. गोजरा एका डोळ्यानं ती वेणी पाहत बसे आणि मग म्हणे, "जा आता घरी." अशी तीन वर्षं गेली.

तिसऱ्या वर्षी चैत्रात रोग असा आला, की गावात चौदा दारांना डहाळे लागले. घंटा रोज वाजू लागली. आधी जिथं रोग असे तिथं घंटा जाई. पण भ्यालेल्या माणसाच्या मनात गोष्टी उलट्या होतात. घंटा गेली आणि तिसऱ्या दिवशी हैबती पाटलांचा नातू तापला, तेव्हा लोक म्हणू लागले, की घंटाच रोगाला वाट दाखवते. कामाला गोजरा हवीच होती. घंटा मात्र कुणाला नको होती. पाटलांनी लांबून तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "घंटा काढली तर मला तुमच्या गल्लीतनं चालता यायचं नाही."

घंटा जाई ती वाट बाबाजीच्या दारावरून होती. बाबाजी वाईट माणूस नव्हता. भाचीला त्यानं पोटच्या पोरीसारखं वाढवलं होतं. रोज घंटा दारावरून गेली की तो साळूच्या कपाळाला हात लावून बघायचा. एक दिवस गोजरा आंघोळीला पाण्यात उतरली आणि घंटा खडकावर राहिली, तेव्हा तो वरच्या अंगानं नदी ओलांडून झाडीतून आला, त्यानं पक्कडीनं लोळा काढला आणि पळाला. आता ही माझ्या दारी रोगाला बोलावणार नाही, असं त्याला वाटलं.

त्याच वेळी गावातून हाक आली. एक बाळंतीण तापानं फणफणली होती. गोजरानं ओलेत्यानंच घंटा कमरेला बांधली आणि धावली. दारात पोचल्यावर तिच्या ध्यानात आलं, की घंटा वाजत नाही. पण आतून बाईचा श्वास ऐकू येत होता, आणि त्या श्वासाकडं पाठ फिरवणं तिला जमलं नाही.

दोन दिवसांनी ती बाई गेली. तिचं सगळं आवरून, तिच्या कपड्यांचं गाठोडं घेऊन गोजरा बाहेर पडली. "बाजूला व्हा, मी येतेय," असं ती ओरडत होती, पण धुरानं आणि जागरणानं तिचा घसा बसला होता. आणि लोकांच्या कानाला सवय घंटेची होती. निवडुंगाच्या कुंपणाचं वळण होतं, त्या वळणावर समोरून साळू आली. हातात रिकामी घागर.

दोघीही थांबल्या. तीन वर्षांत त्या इतक्या जवळ आल्या नव्हत्या.

"आई, आज वाजली नाही," साळू म्हणाली. तिनं घागर टाकली आणि आईला मिठी मारली.

गोजराच्या हातातलं गाठोडं पडलं. तिनं दोन्ही हात वर केले, डोक्याच्याही वर, लेकीला लागू नयेत म्हणून. म्हणतात, की ती तशी हात वर करून कितीतरी वेळ उभी होती. मग तिला कळलं, की आता उपयोग नाही. ते हात हळूच खाली आले.

तिनं साळूला उचललं आणि तशीच नदीपार नेलं. देवीचा रोग शिरल्यावर लगेच दिसत नाही. दहा-बारा दिवस तो लपून बसतो. गोजराला हे माहीत होतं, आणि ते माहीत असणं हीच मोठी शिक्षा होती. रोज उजाडताच ती साळूची जीभ बघायची, तळहात बघायचे, गळ्याला हात लावायचा. साळू खुशीत होती. आई जवळ होती. ती विचारायची, "आता मी इथंच राहू?" गोजरा म्हणायची, "बघू."

अकरा दिवस काही झालं नाही. बाराव्या दिवशी गोजरानं कपाळाला हात लावला आणि तो लगेच काढला नाही.

त्या दुपारी बाबाजी नदीच्या अलीकडं आला. या वेळी पाण्यात उतरायचं त्याला धाडस झालं नाही. त्यानं लोळा हातात उंच धरला आणि रडत सगळं सांगितलं, की हे मी केलं, साळूसाठीच केलं.

गोजरा दारात आली. शिव्या देईल, दगड मारेल, असं त्याला वाटलं. ती म्हणाली, "तो तिथंच ठेव. हात राखेनं धू. घरी जा आणि पोरांना शिवू नकोस."

एवढं बोलून ती आत वळली, आणि झोपडीतल्या खुंटीवर टांगलेली घंटा वाजू लागली. लोळा तर अलीकडच्या वाळूत पडला होता. वारा नव्हता. तरी घंटा वाजत होती, असं म्हणतात. बाबाजी पळत सुटला, आणि आवाज त्याच्या मागं गावात आला. गल्लीत कुणी पाऊल टाकलं की घंटा वाजे, आत गेलं की थांबे. ज्या घरात रोग होता तिथली माणसं दार उघडायला धजावेनात. इतकं भय उंबरखोऱ्यानं आधी कधी पाहिलं नव्हतं. पंधरा दिवस गाव घरात बसून राहिला. सोळाव्या दिवशी आवाज बंद झाला, तेव्हा लोकांनी पाहिलं, की एकाही नव्या दाराला डहाळा लागलेला नाही.

नदीपलीकडं केळीच्या पानावर साळू पडून होती. रोज आवाजासरशी गोजरा खुंटीकडं बघायची आणि पुन्हा लेकीचा श्वास ऐकायची. तो श्वास काय सांगत होता, ते तिनं या वेळीही कुणाला सांगितलं नाही.

साळू वाचली. तोंडभर व्रण राहिले, आणि एक डोळा गेला, आईचा गेला होता तोच. खपल्या गळून पडल्या त्या दिवशी गोजरानं तिला न्हाऊ घातलं आणि पुढ्यात बसवलं. "आता मला तुझं भय नाही," ती म्हणाली, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं लेकीची वेणी घातली.

पुढं मायलेकी मिळून रोग्यांच्या घरी जात. गोजरानंतर साळू एकटी जाऊ लागली. घंटेत लोळा पुन्हा कधी बसवला नाही.

आता देवीचा रोग राहिला नाही. काळ्या खडकापाशी दवाखान्याची दोन खोल्यांची इमारत आहे आणि तिच्या दाराला ती घंटा टांगलेली आहे. लोळा बाबाजीच्या वंशजांच्या घरी असतो. दर चैत्रात त्यांच्यातला सगळ्यात वडीलधारा माणूस तो नदीच्या अलीकडच्या वाळूत नेऊन ठेवतो, राखेनं हात धुतो आणि संध्याकाळी परत आणतो.

आणि उंबरखोऱ्यातली नर्सबाई असो की गावातली कुणी दवाखान्यात कामाला जाणारी बाई असो, ती घरी परतली की पोरं धावत जाऊन तिला बिलगत नाहीत. ती अंगणात थांबते. पोरं उंबऱ्यात येतात आणि एकेक जण पाठ करून उभं राहतं. मुलग्यांना वेणी नसते, तरी तेही वळतात. तिनं बघून घेतलं की ती न्हाणीत जाते. तेवढा वेळ घंटा वाजते का म्हणून नदीकडं कान लावून सगळे उभे असतात.